गव्हाणी रिकामी राहिली ते वर्ष

आई, यंदाचा पैरा मी आणला.

एरवी ते काम तुमचं. डिसेंबर अर्धा सरला की मागच्या पाऱ्यात, वस्तीत, बिसाहिनकडे जायचं, तिच्या गोठ्याला लागून रचलेल्या धानाच्या पैऱ्यातून, पेंढ्यातून, चांगला पिवळा, न भिजलेला पाहून थोडा काढायचा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरून घरी यायचं. यंदा मी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर दीदी नइ आइस?" म्हणाली आणि मग तिला आठवलं. तुमच्या मातीला ती स्वतः येऊन गेली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी खाली बसून पैरा निवडत राहिले. निघताना तिनं माझ्या गठ्ठ्यात आणखी एक मूठ घातली आणि म्हणाली, "जाड़ अब्बड़ हे." थंडी फार आहे. नाताळाच्या गव्हाणीतल्या मातीच्या बाळ येशूसाठी म्हणाली, की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही.

तुम्हाला जाऊन महिनाही झालेला नाही. लोक येतात, बसतात, तुमच्याबद्दल बोलतात. दवाखान्यातली तुमची नोकरी, तुमच्या हातावर जन्मलेली पोरं, रात्री-अपरात्री कोणाच्याही हाकेला तुमचं उठून जाणं. सगळं खरं आहे. शालिनीताई बिलासपूरहून माहेरी आल्यात, त्या प्रत्येकाला चहा देतात आणि प्रत्येकाबरोबर रडतात. मी त्यांच्यात बसते, पण मला तुमच्याबद्दल कोणाशी बोलावंसं वाटत नाही. तुमच्याशी बोलावंसं वाटतं. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय ना.

ते सुरू झालं तुमच्या स्वयंपाकघरात, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या नाताळाला. त्याच वर्षी छत्तीसगड नवीन राज्य झालं होतं आणि आपलं रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं. रस्त्यांवर लाल दिव्यांच्या गाड्या फिरू लागल्या होत्या. प्रवीणची बदली मंत्रालयात झाली होती आणि भोपाळहून ट्रकने आलेल्या फायली कुठे ठेवायच्या याच कटकटीत तो दिवसभर असायचा. मी पुरानी बस्तीतली, भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेल्या घरातली मुलगी. प्रवीणशी कोर्टात लग्न करून तुमच्या घरी आले म्हणून माझ्या बाबांनी माझं नाव घेणं सोडलं होतं. ख्रिस्ती घर आतून कसं असतं, हे मला काहीही माहीत नव्हतं. मनात एक भीती होती, की आता मला काहीतरी शिकावं लागेल आणि त्यात मी नापास होईन.

आणि तुम्ही ओट्यावर परात ठेवलीत. परातीत रवा-मैद्याचा गोळा, बाजूला खोबऱ्याचं सारण, खसखस, वेलची.

"आई, हे तर करंज्यांचं आहे," मी म्हणाले.

"मग? तुले येतात ना?"

"येतात. पण आम्ही दिवाळीत करतो."

"बरं झालं बाई. माझा शिकवाचा त्रास वाचला." तुम्ही पोळपाट माझ्याकडे सरकवलात. "हा घे. मले आता कातणं धरवत नाही, बोटं दुखतात."

त्या दुपारी आपण करंज्या केल्या, चकल्या केल्या. शेजारी मोठ्या डब्यात केकसाठी काजू-मनुका कधीच्या भिजत घातलेल्या होत्या. मला धीर आला. आणि धीर आला म्हणून मी बोलून गेले, "म्हणजे सगळं आमच्यासारखंच आहे तुमचं. चांदणी म्हणजे आकाशकंदील, नवे कपडे, फराळ. नाव फक्त वेगळं."

तुम्ही तळण काढत होतात. झारा तसाच धरून म्हणालात, "चांदणी दाराले काहून लावतो, सांग?"

"शोभेसाठी."

"वाट चुकलेल्या माणसाले घर दिसलं पाहिजे म्हणून. ते पूर्वेचे ज्ञानी लोक नव्हते का, चांदणीच्या मागं आले. आन पहिल्यांदा चुकून राजवाड्यात गेले." तुम्ही हसलात. "शिकलेले होते ना."

मग सुटलातच तुम्ही. घर झाडतो ते पाहुणा येणार म्हणून. शेजारी ताटं पाठवतो, कारण देवानं आधी दिलं, आपण मागून देऊन राहिलो. करंजी वरून सगळ्यांची सारखीच दिसते, आत काय भरलं ते करणाऱ्यालाच माहीत, माणसाचंही तसंच. मी ऐकत होते आणि मला थोडा रागच येत होता. माझ्या घरी बाबांनाही हीच सवय होती. प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी असायचंच.

"आई, करंजी करंजी असते," मी म्हणाले. "खाल्ली की संपली. प्रत्येक गोष्टीला अर्थ काहून पाहिजे?"

"नको लावू तू. मी लावतो. तू फक्त कडा नीट दाब, नाहीतर तेलात फुटतात."

इतकंच ते भांडण होतं. पण आपण ते वीस-बावीस वर्षं चालवलं. कधी पोळपाटावर, कधी चर्चच्या वाटेवर. चर्चला तुम्ही शेवटपर्यंत देऊळच म्हणत राहिलात, तुमच्या अमरावतीकडच्या जुन्या सवयीनं. तुम्ही म्हणायचात, या रोजच्या गोष्टींमध्ये देव बोलतो. मी म्हणायचे, त्या गोष्टी मुक्याच असतात, बोलता तुम्ही.

गव्हाणीतली मूर्ती पहिल्यांदा पाहिली ती त्याच वर्षी. तुम्ही ट्रंकेतून जुन्या सुती कापडात गुंडाळलेली सगळी मंडळी काढून मांडलीत. या मूर्ती एका कुंभाराकडून करवून घेतलेल्या. तो बिचारा जन्मभर गणपती आणि कृष्ण करणारा. त्याची मरिया लुगडं नेसलेली आणि योसेफ धान कापायला निघालेल्या माणसासारखा, कमरेला पंचा. आणि बाळाच्या अंगाला त्यानं हातच्या सवयीनं निळसर रंग दिलेला.

"हा कृष्ण झाला की," मी म्हणाले.

"मी पण त्याले तेच म्हटलं. तो म्हणे, पोंछ दूँ क्या दीदी? म्हटलं, राहू दे." तुम्ही ती वीतभर मूर्ती तळहातावर घेतलीत, जशी दवाखान्यात कित्येक घेतली असतील. "आन खरं सांगू का, जन्मताना बाळ निळंच असते. रडलं की गुलाबी होते. कुंभाराले काय माहीत, पण बरोबर रंगवलं त्यानं. हे आत्ताच जन्मलं आहे. अजून रडलं नाही."

आपण दोघी हसलो होतो.

त्याच नाताळात तुम्ही एक ताट करंज्या-चकल्यांनी भरून, वरून क्रोशाचा रुमाल टाकून, सायकलरिक्षानं सदर बाजारातून पुरानी बस्तीत माझ्या माहेरी गेलात. मला सांगितलं नाहीत, परत आल्यावर सांगितलंत. बाबा दारातूनच आत निघून गेले. माझ्या आईनं ताट घेतलं, रिकामं करून धुतलं, त्यात साखर घालून परत दिलं आणि विचारलं, "जेवते का बरोबर?" तुम्ही म्हणालात, "जेवते. भांडते पण." हे तुम्ही मला सांगत होतात तेव्हा मी तुमच्याकडे पाठ करून भांडी लावत होते, कारण मला रडताना कोणी पाहिलेलं आवडत नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात माझं बाळ गेलं.

दिवस भरले होते. प्रसूतीच्या खोलीत तुम्ही माझ्या उशाशी होतात. तिथल्या नर्स तुम्हाला ओळखत होत्या, म्हणून त्यांनी तुम्हाला थांबू दिलं. मला आठवतं ते हे, की कोणीतरी "झालं" म्हणालं आणि मग खोलीत कसलाच आवाज आला नाही. मी वाट पाहत होते. तुम्हीच मला शिकवलं होतं कशाची वाट पाहायची ते. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात. तुम्ही बाळाची पाठ चोळत होतात, सारख्या चोळत होतात, डॉक्टर बाजूला झाल्यावरही.

मुलगा होता. तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या, धुवून मऊ झालेल्या पांढऱ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून तुम्ही त्याला माझ्याजवळ आणलंत. इतर बायका म्हणत होत्या, नका दाखवू तिला. तुम्ही म्हणालात, "आई आहे ती त्याची." मी त्याला पाहिलं. त्याचा रंग मी इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर मी तुमच्या घरात पलंगावर पडून राहिले. घर ओळखीच्या वासांनी भरायला लागलं, कारण डिसेंबर आला होता. खोबरं भाजल्याचा वास आला त्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात आले. तुम्ही एकट्याच ओट्याशी होतात.

"काहून करून राहिल्या तुम्ही हे?" मी ओरडलेच. "कोणाचा सण आहे या घरात?"

तुम्ही गॅस बंद केलात.

"सांगा ना," मी म्हणाले. "प्रत्येक गोष्टीचा अर्थ असतो ना तुमच्याकडे? चांदणीचा असतो, करंजीचा असतो. याचा सांगा. माझं लेकरू रडलं नाही याचा काय अर्थ आहे?"

मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी बोलाल. देवाची इच्छा, देवानं फूल तोडून नेलं, तो आता चांगल्या ठिकाणी आहे. भेटायला आलेले लोक हे सगळं बोलून गेले होते. तुम्ही तसं काही बोलला असतात तर मी त्याच दिवशी माहेरी निघून गेले असते. बाबांनी दार उघडलं नसतं तरी पायरीवर बसून राहिले असते.

तुम्ही म्हणालात, "याचा अर्थ नाही."

मग थोड्या वेळानं म्हणालात, "मी विचारलं त्याले. रोज विचारून राहिली. तो काही बोलत नाही."

आणि तुम्ही खाली फरशीवर बसलात, भाजलेल्या खोबऱ्याच्या कढईशेजारी. तुम्हाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. तुमचे केस सुटले होते. मीही खाली बसले. आपण एकमेकींना धरलं नाही, समजूत घातली नाही. नुसत्या बसलो. प्रवीण ऑफिसातून आला तेव्हा घरात दिवा लागलेला नव्हता.

नाताळाच्या आदल्या दिवशी तुम्ही बैठकीत गव्हाणी मांडलीत. पैरा पसरला, लुगड्यातली मरिया, पंचेवाला योसेफ, गाय, मेंढरं. मी खोलीच्या दारात उभी राहून पाहत होते. तुम्ही ट्रंकेतून शेवटचं गाठोडं काढलंत आणि उघडायच्या आधी वर पाहिलंत. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. तुम्ही गाठोडं तसंच परत ट्रंकेत ठेवलंत आणि झाकण लावलंत.

शालिनीताई त्या वर्षीही आल्या होत्या. संध्याकाळी देवळातून आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"आई, बाळ ठेवायचं राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलं नाही."

"काहून?"

"यंदा रिकामी राहू दे."

"अवं पण येशूच नसन तर मग हे सारं कशासाठी? लोक येतील उद्या, काय म्हणतील? पाळकसाहेब येतील."

"येऊ दे. मी सांगन त्याइले."

शालिनीताईंचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यासाठी तो सणच अर्धा झाला होता, आणि ते दुखणं त्यांच्या आवाजात होतं. त्या म्हणाल्या, "देवाच्या जागी तू आपलं दुःख मांडून राहिली, आई. हे बरोबर नाही." तुम्ही पैऱ्यातला खळगा हातानं नीट केलात. मग म्हणालात, "त्याले उतारशाळेत जागा नव्हती, तेव्हा तो भांडला नाही. गोठ्यात गेला. आपल्या घरात यंदा जागा नाही, तर तो थांबन. मी ओळखतो त्याले."

मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. प्रत्येकाची नजर गव्हाणीकडे जायची, पैऱ्यातल्या त्या खळग्याकडे, मग घराकडे, आणि माणसं गप्प व्हायची. पाळकसाहेबही आले. ते गव्हाणीसमोर उभे राहिले, त्यांनी तुम्हाला काहीच विचारलं नाही. चप्पल घालताना माझ्या खोलीच्या दाराकडे तोंड करून नुसते क्षणभर थांबले. ती प्रार्थना होती की आणखी काही, देव जाणे. पण फूल तोडून नेण्याचं त्या दिवशी कोणी बोललं नाही. रिकामी जागा समोर मांडलेली असली की लोकांना तसं बोलवत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढचं तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते.

जानेवारीत, नाताळाचं सामान आवरायच्या सुमाराला, एका दुपारी तुम्ही बाजारात गेला होतात. घरात मी एकटी. बैठकीत खिडकीतून ऊन येत होतं, ते सरकत सरकत गव्हाणीवर आलं होतं. मी सहज पाहायला गेले. मरिया वाकून त्या रिकाम्या खळग्याकडे पाहत होती. कुंभारानं तिला तशी वाकलेलीच केली आहे. मला वाटलं, हिला काय वाटत असेल. एवढंच वाटलं, आई. मला देवाबद्दल काही वाटलं नाही. एका बाईला दुसऱ्या बाईबद्दल वाटतं तसं वाटलं. मी ट्रंक उघडली, गाठोडं सोडलं. तो निळसर रंग हातावर घेतला आणि मी रडले, जशी दवाखान्यात रडले नव्हते. मग त्याला पैऱ्यात ठेवलं. ठेवल्यावर वाटलं उघडा आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी पैरा ओढून घेतला.

संध्याकाळी तुम्ही आलात. पिशवी ठेवलीत, बैठकीतून आत जाताना थबकलात. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तुम्ही वाकून पैऱ्यावरून एकदा हात फिरवलात, जसं निजलेल्या पोराचं पांघरूण पाहतात. मग आत येऊन चहा ठेवलात. आलं जरा जास्त घातलंत, मला आवडतं तसं. आपण चहा प्यायलो आणि वांग्यांच्या भावाबद्दल बोललो.

त्या वर्षी गव्हाणी उचलायचं तुम्ही नावच काढलं नाहीत. जानेवारी गेला, फाल्गुन लागला, पळस फुलला तरी ती बैठकीत. शालिनीताईंनी फोनवर विचारलं असावं, कारण तुम्ही म्हणत होतात, "अवं, लेकरू उशिरा आलं ना यंदा. राहू दे थोडे दिवस." तेव्हा मला कळलं, की तुम्हाला कळलं आहे.

आभा झाली तेव्हाही तुम्ही माझ्या उशाशी होतात. तिनं असा काही टाहो फोडला की बाहेर प्रवीणला ऐकू गेला. तुम्ही हसत होतात आणि डोळे पुसत होतात आणि एकच वाक्य परत परत म्हणत होतात, "झाली पाहा गुलाबी. झाली पाहा." तीच आभा आता नागपूरला कॉलेजात शिकते आणि माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देते. तुम्ही तिला रागवायचात, "आजीशी तरी मराठी बोल, पोट्टे," आणि ती म्हणायची, "दादी, समझ तो रही हूँ ना."

लोकांनी तुम्हाला कितीदा विचारलं, सून बाप्तिस्मा कधी घेणार. माझ्यासमोरही विचारलं. तुम्ही म्हणायचात, "तिचं ती जाणे आन देव जाणे. मी मधात काहून पडू?" मला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. रविवारी निघताना फक्त म्हणायचात, "मी चालली. येतं का?" मी कधी यायचे, कधी नाही. नाही म्हटलं की तुमचा चेहरा जरासा पडायचा आणि लगेच तुम्ही तो सावरायचात. तो सावरलेला चेहरा मला आज फार आठवतो. त्याला किती कष्ट पडत असतील याचा तेव्हा मी विचार केला नाही. तुमच्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती. ज्यानं तुम्हाला आयुष्यभर धरून ठेवलं, तो तुमच्या घरातल्या माणसाला मिळावा, एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि तेवढंच तुम्ही मागितलं नाहीत.

ऑफिस नवा रायपूरला गेलं तेव्हा प्रवीणनं तिकडे क्वार्टर घेतलं. आपण तिथं एकच नाताळ काढला. रुंद रस्ते, त्यांच्या दोन्ही बाजूंना लावलेली झाडं, आणि माणूस नाही. तुम्ही बाल्कनीत चांदणी लावलीत आणि संध्याकाळभर खाली पाहत उभ्या राहिलात. मी विचारलं, काय पाहता. म्हणालात, "कोणी जातच नाही वं खालून. कोणाले दिसन हे?" मी म्हटलं, "मग आता? चांदणीचा अर्थ गेला?" तुम्ही खो खो हसलात, आणि पुढच्या जूनमध्ये आपण परत जुन्या घरी राहायला आलो. त्या दिवशी मी भांडण जिंकले असं मला वाटलं होतं. तुम्हीही जिंकू दिलंत.

शेवटच्या दिवसांत तुम्हाला धाप लागायची. उशांना टेकून बसायचात. एका दुपारी मी तुमच्या पलंगापाशी मटार सोलत होते आणि तुम्हीही मांडीवर मूठभर शेंगा घेतल्या होत्या. हात चालत नव्हते, पण घेतल्या होत्या. तेव्हा मी इतक्या वर्षांनी विचारलं.

"आई, त्या वर्षी गव्हाणी रिकामी ठेवली. त्याचा काय अर्थ होता?"

तुम्ही एक शेंग कशीबशी सोललीत.

"अर्थ कुठला? तू दारात उभी होती. तुझं तोंड पाहिलं आन हात उचलला नाही माझा."

"पाहा," मी म्हणाले. "म्हणजे माझंच खरं. आधी आपण करतो. अर्थ मागून लावतो."

तुम्ही हसलात. डोळे मिटून घेतलेत. "नाही वं. तसं नाही ते. थांब, दम लागला. उद्या सांगीन."

उद्या तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मग ते सांगणं राहिलं.

मी गेले कित्येक दिवस त्याच्यावर विचार करतेय. तुम्ही काय सांगितलं असतं? तुमच्या वतीनं मी बोलू शकत नाही, पण मला जे वाटतं ते सांगते. तुम्ही म्हणायचात, नाताळ म्हणजे देव माणसाच्या घरी आला. मला त्यात कधी फार काही वाटलं नाही. येणारे देव माझ्या माहेरीही पुष्कळ होते, गाजतवाजत येणारे. पण त्या वर्षी तुमचा देव आला नाही. घरातल्या एका बाईला त्याचं तोंड पाहवत नव्हतं, म्हणून तो ट्रंकेत, अंधारात, जुन्या कापडात थांबून राहिला, आणि तिनं उचलून घेतला तेव्हा आला. असा देव मला ठाऊक नव्हता. तुम्ही तो मला समजावून सांगितला असता तर मी वाद घातला असता. तुम्ही ट्रंकेचं झाकण लावलंत. त्याच्याशी वाद घालता येत नाही.

तेव्हा मला वाटतं, आपण दोघीही थोड्या थोड्या चुकत होतो. गोष्टी मुक्या नसतात आणि त्या बोलतही नाहीत. माणूस दुसऱ्यासाठी काहीतरी करतो, हातानं, बिनबोलता, आणि मग तिथून काहीतरी ऐकू यायला लागतं. कधी वीस वर्षांनी. हे तुम्हाला पटलं असतं का? तुम्ही म्हणाला असतात, "मी तेच तर सांगून राहिली होती," आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो असतो.

काल नाताळाची आदली संध्याकाळ. दुःखाच्या घरी गाणारी मंडळी जात नाहीत, एवढं मला माहीत होतं. दिवेलागणीला ती गल्लीत आली. आपली मराठी मंडळी, दहा-पंधरा माणसं, ढोलकी, झांजा. कोपऱ्यावरच्या घरी त्यांनी गीत म्हटलं. मग गात गात ती आपल्या घराकडे यायला लागली आणि कुंपणाशी आल्यावर गाणं थांबलं. ढोलकीही थांबली. नुसती पावलं ऐकू येत होती, हळू टाकलेली. आपल्या मानासाठी ती गप्प होऊन चालली होती. शालिनीताईंनी आत डोळ्यांना रुमाल लावला. मला ती शांतता सहन झाली नाही, आई. तशी शांतता मी एकदा ऐकलेली आहे.

मी फाटकाशी गेले. "काहून थांबले तुम्ही?"

ढोलकीवाले काका ओशाळले. "वहिनी, यंदा तुमच्या घरी... सिस्टर गेल्या. आम्ही पुढच्या घरून सुरू करतो."

"नाही," मी म्हणाले. "आत या. त्यांच्या खोलीत गा."

आभा धावत माझ्या मागे आली होती. "मम्मी, पक्का?"

"हव," मी म्हणाले. "सतरंजी टाक."

सगळे आत आले, चपला बाहेर काढून. तुमचा पलंग भिंतीला सरकवलेला आहे, तरी खोली पुरेना, काही लोक दारात उभे राहिले. प्रवीण खिडकीशी होता. त्यांनी हळूच सुरू केलं, ढोलकी न वाजवता. पहिलं कडवं मी हात जोडून ऐकलं. दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूनं आवाज कमी पडत होता, तुम्ही वरच्या पट्टीत धरायचात ती ओळ कोणी धरेना. आणि मला ऐकू आलं की ती ओळ कोणीतरी म्हणतंय, जरा बेसूर, जरा घाबरत. शालिनीताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला समजलं, ती मी आहे.

मला सगळी कडवी येत होती. इतकी वर्षं मी त्यांच्या समोर चहाचं ताट धरून उभी असायचे, तोंड मिटून. कधी पाठ झाली, कोण जाणे. शालिनीताई सरकून माझ्याजवळ आल्या, त्यांनी माझा हात धरला, आणि काकांनी ढोलकीवर थाप टाकली.

गीत संपलं. मग काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "वहिनी, आणखी एक म्हणायचं का?"

"म्हणा," मी म्हणाले. "मले येते."